दोन नाताळ, एक उन्हाळा, एक पावसाळा: सजावटीच्या सामानाचा चौदा महिन्यांचा अनुभव

नाताळच्या सजावटीचे जवळजवळ सगळे सामान आम्ही नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्याने घेतले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट मानली जाते. त्या वेळी आमच्या तळमजल्यात कमरेएवढे पाणी शिरले आणि जिन्याखालच्या कपाटातले काचेचे गोळे, चांदणीची चौकट आणि वडिलांनी स्वतः करवतून केलेली गव्हाणी, म्हणजे ख्रिस्तजन्माच्या देखाव्याचा गोठा, चिखलात गेली. त्यानंतर काही वर्षे दाराला एक साधी चांदणी आणि टेबलावर मेणबत्ती एवढीच आमची सजावट असे. मुले मोठी होऊ लागली तसे घर पुन्हा नीट सजवावे असे वाटू लागले, म्हणून सहा फुटांचे कृत्रिम झाड, एलईडी दिव्यांच्या माळा, गोळे, दारावर टांगायचे पानांचे चक्र (रीथ) आणि एक तयार चांदणी असे सामान आणले. हे सामान दोन नाताळ वापरून आणि मधला उन्हाळा-पावसाळा सांभाळून झाल्यावर, आता जानेवारी २०२६ मध्ये, हा अनुभव लिहीत आहे. दुकानात किंवा पहिल्या डिसेंबरमध्ये मला जे कळले नव्हते ते सगळे मधल्या अकरा महिन्यांनी शिकवले, त्यामुळे या लेखात साठवणुकीचा भाग मोठा आहे.

आधी झाडाविषयी. माझ्या लहानपणी आमच्याकडे सुरूची फांदी आणली जात असे. रॉकेलच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून ती रोवायची, वर कापसाचा बर्फ आणि सिगारेटच्या चंदेरी कागदाच्या चांदण्या लावायच्या. सुरू दिसतो देवदारासारखा, पण तो त्या कुळातला नाही. ज्यांना आपण सुया म्हणतो त्या त्याच्या बारीक, पेरे असलेल्या डहाळ्याच असतात आणि तोडलेल्या फांदीवरून त्या चार-पाच दिवसांत झडू लागतात. रोपवाटिकेत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून जे कुंडीतले रोप मिळते ते बहुधा अरॉकेरिया असते आणि त्याचे मूळ घर पॅसिफिक महासागरातील बेटांवर आहे. ते रोप सुंदर आहे, परंतु कुंडीतल्या लहान झाडाच्या फांद्या इतक्या कोवळ्या आणि विरळ असतात की दोन-चार हलक्या चांदण्यांपलीकडे त्यांच्यावर काही टिकत नाही. आईचा आग्रह सुरूचाच होता. “पानांचा वास नसेल तर नाताळ आल्यासारखे वाटत नाही,” असे ती म्हणाली, आणि तिचे म्हणणे मला आजही खोटे वाटत नाही. तरीही दर वर्षी फांदी तोडून आणायची, आठवडाभरात ती वाळायची आणि वाळलेल्या फांदीभोवती मेणबत्त्या असायच्या, हे मला नको होते.

कृत्रिम झाड घेताना दोन प्रकार समजून घेण्यासारखे आहेत. पीव्हीसीच्या झाडात प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या कापून तारेत पिळलेल्या असतात, तर पीईच्या झाडाची पाती साच्यातून काढलेली असल्यामुळे ती खऱ्या पानांसारखी भरीव दिसतात आणि किमतीलाही बरीच जास्त असतात. आम्ही पीव्हीसीचे, आठशे टोके असलेले झाड घेतले. उंचीपेक्षा टोकांची संख्या आणि फांद्यांची जोडणी यांकडे पाहावे, असे मी आता आग्रहाने सांगेन. आमच्या झाडाच्या फांद्या मधल्या दांड्याला बिजागरीने जोडलेल्या आहेत आणि तीन भाग एकमेकांत बसवले की त्या आपोआप खाली येतात. प्रत्येक फांदी वेगळी अडकवावी लागणारे स्वस्त झाड माझ्या नणंदेकडे आहे आणि पहिल्या वर्षीच त्यातल्या दोन फांद्या हरवल्या.

पहिल्या वर्षी फांद्या नीट उघडायला आम्हाला दोन तास लागले. खोक्यातून काढलेले झाड केविलवाणे दिसते आणि आपली फसवणूक झाली असे वाटते. दांड्याजवळच्या टोकांपासून सुरुवात करून एक वर, एक डावीकडे, एक उजवीकडे असे प्रत्येक टोक वळवत बाहेर यावे लागते, तेव्हा त्याला झाडाचे रूप येते. दुसऱ्या वर्षी हेच काम अधिक अवघड गेले, कारण वर्षभर घट्ट बांधून ठेवल्याने पाती चपटी झाली होती. केस वाळवण्याच्या यंत्राची कोमट हवा लांबून दिल्यावर ती पूर्ववत झाली. फार गरम हवेने पीव्हीसी आकसते, हे आम्ही आधी खालच्या एका फांदीवर पाहून घेतले होते.

झाडाचा खरा दोष त्याच्या पायात निघाला. लोखंडी असला तरी पाय हलका आहे आणि दांडा आवळणाऱ्या स्क्रूचे आटे दुसऱ्याच वर्षी गेले. झाड एका बाजूला कलले तेव्हा खाली दोन वर्षांचा भाचा खेळत होता, म्हणून ही गोष्ट मी किरकोळ मानत नाही. हार्डवेअरच्या दुकानातून त्या मापाचा नट-बोल्ट आणून बसवला आणि सगळा पाय आजीच्या पितळी घंगाळात ठेवून भोवती विटा रचल्या. विटांवर गोणपाट आणि त्यावर वाळलेले पाचट पसरले. आता झाड ढळत नाही. पितळेवर माळेचा पिवळसर उजेड पडतो तो तर इतका देखणा दिसतो की घरी येणारा प्रत्येक जण आधी घंगाळाविषयी विचारतो.

आमची बैठकीची खोली दहा बाय बाराची आहे. सांगलीत डिसेंबरच्या रात्री गार असल्या तरी दुपारी पंखा लावावा लागतो आणि सहा फुटांच्या झाडावर चांदणी चढवली की ते पंख्याच्या वाऱ्याच्या थेट तोंडी येते. पहिल्या वर्षी आम्ही चंदेरी झिरमिळ्या भरपूर लावल्या होत्या. त्या सतत हलत, तुटत आणि फराळाच्या ताटापर्यंत पोहोचत. चमकी लावलेल्या गोळ्यांचेही तेच झाले. जानेवारीत काढलेल्या सजावटीची चमकी मार्चमध्येही सतरंजीतून निघत होती. दुसऱ्या वर्षी दोन्ही वस्तू बंद केल्या, झाड कोपऱ्यात सरकवले आणि कापडी फिती वापरल्या. खोली लहान असेल तर साडेतीन फूट घेर असलेल्या झाडाऐवजी बारीक बांध्याचे झाड घ्यावे, हे मला खरेदीपूर्वी कुणी सांगायला हवे होते.

दिव्यांच्या बाबतीत मी समाधानी आहे, परंतु तेही एका चुकीनंतर. प्रथम आणलेली रंगीत माळ थेट २३० व्होल्टवर चालणारी, पातळ वायरीची होती आणि तिच्यावर बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणीची खूणही नव्हती. पाचव्या दिवशी तिचा अर्धा भाग बंद पडला, कारण अशा माळेत दिवे एकामागोमाग एक जोडलेले असतात आणि एका ठिकाणी जोड सुटला की तो सगळा भाग विझतो. प्लगजवळची वायर हाताला गरम लागली, तेव्हा ती माळ लगेच काढली. त्यानंतर अ‍ॅडॅप्टरवर, कमी दाबाच्या विजेवर चालणाऱ्या तीन माळा घेतल्या, प्रत्येकी शंभर दिव्यांच्या. झाडाच्या प्रत्येक फुटाला शंभर दिवे असा एक ठोकताळा सांगितला जातो, पण लहान खोलीत सहा फुटांना तीनशे दिवे पुरतात. रंग मात्र पिवळसर पांढराच घ्यावा. निळसर पांढऱ्या उजेडात पीव्हीसीचा हिरवा रंग निर्जीव दिसतो, आणि लुकलुकण्याची सोय असली तरी आम्ही ती पहिल्या दिवसानंतर वापरली नाही. दोन हंगामांत तीन माळांतले मिळून चार दिवे गेले आहेत, एवढेच.

चांदणीच्या बाबतीत विकतच्या वस्तूपेक्षा हातची वस्तू निःसंशय सरस ठरली. अनेक टोकांची घडीची कागदी चांदणी मी मोठ्या हौसेने घेतली होती, कारण तिच्यामागची कथा मला आवडते: जर्मनीतील नीस्की गावच्या मोरेव्हियन (एका प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या) शाळेत १८३० च्या दशकात भूमितीच्या अभ्यासातून अशी चांदणी तयार झाली आणि पुढे ती नाताळची खूण बनली. आम्ही घेतलेल्या चांदणीचा कागद मात्र नदीकाठच्या दवात तिसऱ्याच रात्री सैल पडला आणि टोके लोंबू लागली. मग बुरुडाकडून बांबूच्या कामट्यांची पाच टोकांची, दोन फुटांची चौकट करून घेतली आणि तिला पतंगाचा कागद खळीने चिकटवला. आत फक्त पाच वॅटचा एलईडी बल्ब आहे. जुन्या पिवळ्या बल्बच्या उष्णतेने कागद करपत असे, ती भीती आता उरली नाही. दर वर्षी कागद बदलायचा आणि चौकट तीच ठेवायची. आकाशकंदील करणाऱ्या शेजारच्या काकांनी दुसऱ्या वर्षी आमच्या मुलांना झिरमिळ्या कापायला शिकवले आणि चोवीस तारखेच्या रात्री आमच्या चर्चच्या मंडळीतली तरुण मुले गाणी म्हणत आली तेव्हा गल्लीच्या टोकावरूनच त्यांना आमचे घर ओळखू आले.

गव्हाणी वडिलांची होती तशी आता होणार नाही, तरी तिच्याशिवाय मला सजावट अपुरी वाटते. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेचो येथे खरी जनावरे आणि वैरण आणून ख्रिस्तजन्माचा देखावा मांडला होता. त्याला अनुसरून आम्हीही गोठा इथल्या गोठ्यासारखाच करतो. छप्पर उसाच्या पाचटाचे, जमिनीवर कडब्याचे बारीक तुकडे, आणि बाहुल्या कुंभाराकडच्या भाजलेल्या मातीच्या. डिसेंबरात ऊसतोड चालू असल्यामुळे पाचट सहज मिळते, फुकट मिळते आणि सहा जानेवारीनंतर झाडांच्या आळ्यात आच्छादन म्हणून जाते, म्हणजे त्याची साठवण करावीच लागत नाही. विकतच्या गोठ्यातला दाबलेल्या लाकडी भुशाचा पुठ्ठा मात्र पावसाळ्यात फुगला आणि त्याला बुरशी आली.

दारावरचे प्लास्टिकचे चक्र बरे आहे, त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

पॉइनसेटियाविषयी मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण पहिल्या नाताळनंतर बहुतेक लोक ती कुंडी टाकून देतात. मूळच्या मेक्सिकोतल्या या झुडपाचा लाल भाग म्हणजे फूल नव्हे, ती रंग बदललेली पाने असतात. खरी फुले मधोमध पिवळी आणि बारीक असतात. पानांना रंग येण्यासाठी झाडाला रोज सुमारे चौदा तासांचा अखंड अंधार सलग आठ ते दहा आठवडे लागतो. आमची कुंडी गॅलरीत ट्यूबलाइटखाली होती, तशीच राहिली असती तर ती हिरवीच राहिली असती. ऑक्टोबर २०२५ पासून मुलीने ती रोज संध्याकाळी पाच वाजता कोठीच्या खोलीत नेली आणि सकाळी सातला उन्हात आणली. दोन-तीन दिवस चुकले, तरी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वरची पाने लाल झाली. विकत आणली तेव्हाइतकी ती दाट नव्हती, पण घरातल्या कुठल्याही वस्तूकडे आम्ही इतक्या आतुरतेने पाहिले नव्हते. तिचा चीक त्वचेला आणि पोटाला त्रास देऊ शकतो, म्हणून लहान मुलांच्या घरी कुंडी उंचावर ठेवावी.

आता साठवणुकीकडे येते. महापुराच्या अनुभवामुळे आम्ही सगळे सामान पोटमाळ्यावर, पत्र्याखाली ठेवले आणि पाण्यापासून वाचवण्याच्या नादात उन्हाचा विचार केला नाही. मे महिन्यात तिथे हात टेकवत नाही इतका उकाडा असतो. प्लास्टिकचे लाल गोळे एकमेकांना चिकटले आणि वेगळे करताना त्यांचा रंग सोलला गेला. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांच्या, चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, अक्षरशः धनुष्यासारख्या वाकल्या. झाडाच्या मूळ खोक्याला उंदरांनी भोक पाडले, सुदैवाने पातींना धक्का लागला नाही. पावसाळ्यात माळांच्या अ‍ॅडॅप्टरच्या पिनांवर हिरवट गंज चढला होता, तो बारीक पॉलिश कागदाने घासून काढावा लागला.

या वर्षी झाड तीन भागांत, जुन्या सुती साडीत सैल गुंडाळून, झाकणाच्या प्लास्टिक पेटीत ठेवले आहे. गोळे अंड्यांच्या ट्रेमध्ये, एकेक सुटे. माळा पुठ्ठ्यावर गुंडाळल्या आहेत, त्यामुळे गुंता होत नाही, आणि अ‍ॅडॅप्टर डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद केले आहेत. पेट्या पोटमाळ्यावर न ठेवता वरच्या मजल्यावरच्या खोलीत, कपाटावर ठेवल्या आहेत. तिथे पत्र्याची उष्णता नाही आणि पाणीही पोहोचत नाही. झाडाचे ३,८०० रुपये आणि माळांचे सुमारे ९०० रुपये मला योग्य वाटतात. तयार चांदणी, तयार गोठा आणि चमकीचे गोळे यांवर गेलेले पैसे वाया गेले.

आगमनकाळाच्या नव्या मेणबत्त्यांना मात्र वरची खोलीही उन्हाळ्यात सोसणार नाही, असे आईचे म्हणणे पडले, म्हणून त्या तळमजल्यावर धान्याच्या कोठीशेजारच्या सर्वांत थंड खणात ठेवल्या आहेत. जूनमध्ये पाऊस लागला की तेवढ्या आठवणीने वर न्यायच्या आहेत.