पुन्हा एल्डन रिंग: ‘शॅडो ऑफ द एर्डट्री’सोबतचे पाच महिने

‘एल्डन रिंग’ हा मूळ व्हिडिओ गेम फेब्रुवारी २०२२ मध्ये आला. मी तो त्याच वर्षी दीडशे तास खेळून संपवला आणि डिस्क कपाटात ठेवून दिली. ‘शॅडो ऑफ द एर्डट्री’ हा विस्तार २१ जून २०२४ ला आला, पण तेव्हा घ्यायचं राहून गेलं. यंदा जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला भाचा घरी आला आणि त्याने हट्टाने ती डिस्क बाहेर काढायला लावली. तेव्हापासून मे महिन्यापर्यंत रोज रात्री तास-दीड तास खेळलो.

परत येणाऱ्यांनी आधी आपला जुना सेव्ह, म्हणजे साठवलेला खेळ, बघावा. विस्तारात शिरायला मूळ खेळातल्या राडान आणि मोग या दोन बड्या शत्रूंना हरवावं लागतं. मोगला न भेटताही मूळ कथा पूर्ण होते. मी तशीच केली होती. त्यामुळे पहिला आठवडा बर्फातला तो दरवाजा शोधून मोगपर्यंत पोहोचण्यातच गेला. मोगला मारल्यावर तिथल्या कोषातून लोंबणाऱ्या सुकलेल्या हाताला स्पर्श केला की आपण छायाभूमीत, म्हणजे विस्ताराच्या जगात, पोहोचतो. शेवट झाल्यावर नवा प्रवास सुरू केलेला असेल तर या दोघांना पुन्हा हरवावं लागेल, हेही लक्षात असू द्या.

माझी लेव्हल १५८ होती, म्हणून मी निर्धास्त होतो. बेलुराट या वस्तीतल्या नाचणाऱ्या सिंहाने दोन फटक्यांत आडवं केलं. दोन माणसं एका कातड्याखाली शिरून सिंह नाचवतात, खाली त्यांचे पाय दिसतात, आणि तेच सोंग मध्येच वादळ, बर्फ, वीज अंगावर फेकतं. इतका सुंदर शत्रू मी कुठल्याच खेळात पाहिला नव्हता. पण चार रात्री तो काही पडेना. तीन वर्षांत बोटांची सवय गेली होती, वार चुकवायला लोळण कधी घ्यायची तेच आठवत नव्हतं.

शेवटी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, “मामा, लेव्हल काय बघताय? तुकडे किती गोळा केलेत ते सांगा की.”

मी एकच केला होता. या विस्ताराचा सगळा जीव त्या तुकड्यांत आहे. स्काडूट्री या झाडाचे तुकडे गोळा करून ग्रेसपाशी, म्हणजे विसाव्याच्या जागी, वापरले की आपला मार वाढतो आणि अंगावर येणारा मार कमी होतो. एकूण ५० तुकडे आहेत आणि त्यांतून २० पायऱ्या चढता येतात. हे बळ फक्त छायाभूमीतच लागू पडतं. म्हणजे दीडशे तासांची जुनी कमाई इथे अपुरी पडते, बळ हवं तर पायपीट करायची. सुरुवातीला मला हे अन्यायाचं वाटलं. आता वाटतं की परतलेल्या खेळाडूला पुन्हा नवखा करण्याचा याहून चांगला मार्ग नव्हता. सिंह सोडून मी निघालो आणि क्रूसांपाशी, पडक्या चर्चमधल्या मूर्तींपाशी, डोक्यावर मडकी घेऊन फिरणाऱ्या सावल्यांकडून तुकडे मिळवत गेलो. त्या नादात निळ्या फुलांनी भरलेला सेरुलियन किनारा सापडला. तिथे शत्रू थोडे, पण मी दोन संध्याकाळी नुसता फिरलो.

जगाची रचना उभी, एकावर एक थरांची आहे, हे इथलं दुसरं वैशिष्ट्य. नकाशावर जागा शेजारी दिसते आणि वाट मात्र भुयारातून, धबधब्यामागून किंवा शॅडो कीप या किल्ल्याच्या मागच्या दाराने जाते. अ‍ॅबिसल वुड्समध्ये घोडा येत नाही, पायीच जायचं. आमच्या गल्लीत मागांची खटखट रात्रीही चालू असते, म्हणून हेडफोन लावून खेळलो. त्या जंगलात गवतात वाकून पुढे सरकताना त्या पिवळ्या डोळ्यांच्या प्राण्यांची चाहूल कानांनीच घ्यावी लागली. अर्थात, भीती ओसरली की ते जंगल रिकामं आहे, त्यात शोधावं असं फार काही नाही. बोटांच्या अवशेषांच्या जागांचंही तसंच. एवढ्या मोठ्या जागा आणि हाती मात्र थोडं.

माणसांपैकी अ‍ॅन्सबाख मनात राहिला. तो मोगचा सेवक. त्याच्या धन्याला आपणच मारलेलं असतं, तरी तो आपल्याशी किती अदबीने बोलतो! त्याला जे कळतं आणि त्यानंतर तो जे ठरवतो, ते सांगत नाही, स्वतःच अनुभवा.

शेवटच्या लढाईबद्दल बऱ्याच तक्रारी ऐकल्या होत्या. सप्टेंबर २०२४ च्या १.१४ अपडेटने तिच्यातला झगमगाट आणि काही वार सौम्य केले. मी खेळलो ते त्यानंतरचं रूप, तरीही मला अकरा रात्री लागल्या. एप्रिलचं ऊन, बंद खोली, कूलरचा आवाज, आणि ज्या रात्री तो शेवटचा शत्रू पडला त्या रात्री हात खरंच थरथरत होते. भाच्याला लगेच फोन केला, रात्रीचा एक वाजला होता.

५० पैकी ४६ तुकडे झालेत. उरलेले चार गाईड न बघता शोधतोय.