दोन सिंगल चादरी, कडक भाकरी आणि शेंगा चटणी: वर्षभराच्या प्रवासात काय टिकलं, काय नाही

नोकरीतून वर्षभराची रजा काढून नवरा-बायको दोघंच फिरायला निघणार असतील, तर सोलापुरातून निघताना तीन गोष्टी बॅगेत हव्यातच: चादर, कडक भाकरी आणि शेंगा चटणी. टॉवेल मात्र घरी ठेवा, त्याचं कारण पुढे येईलच. स्लीपरचे डबे, धर्मशाळा, डोंगरातले होमस्टे, कोकणातला पाऊस अशा सगळ्या ठिकाणी महिनोन्‌महिने वापरून झालेलं हे मत आहे.

सुरुवात चादरीपासून. दुकानात जोडपं दिसलं की दुकानदार आधी डबल चादर उलगडतो. ती घेऊ नका, दोन सिंगल घ्या. सिंगल चादर साधारण 60 बाय 90 इंचाची असते आणि डबल 90 बाय 100 च्या आसपास. स्लीपरचा बर्थ जेमतेम दोन फूट रुंद, म्हणजे 24 इंच. 60 इंचाची चादर त्यावर घातली, तर 24 इंच अंगाखाली जाते आणि उरलेली 36 अंगावर ओढता येते. अर्धी अंथरूण, अर्धी पांघरूण. डबल चादरीचा उरलेला पसारा बर्थवरून खाली लोंबतो, मधल्या बर्थवरच्या माणसाच्या तोंडावर येतो आणि चहावाल्याच्या किटलीत अडकतो. शिवाय दोघांना शेजारशेजारचे बर्थ मिळतीलच असं नाही. एकाला अप्पर आणि दुसऱ्याला साइड लोअर मिळाला की डबल चादर कुणाकडे, हा प्रश्न रात्री अकरा वाजता सोडवावा लागतो.

होमस्टेतल्या डबल बेडवरही दोन सिंगलच बऱ्या. एका चादरीत दोघं झोपले की ज्याला कुशीवर वळायची सवय तो पहाटेपर्यंत तिची गुंडाळी करतो आणि दुसरा उघडा पडतो. लग्नाला कितीही वर्षं झालेली असोत, प्रवासात रोज नवी खोली, नवी गादी आणि अपुरी झोप असते. तेव्हा ही ओढाताण सकाळच्या भांडणाचं पहिलं कारण होते. ज्याची चादर त्याची, रंगही वेगळे, म्हणजे अंधारातसुद्धा वाद नाही.

खरेदी सोलापूरच्या चाटी गल्लीत होते, तशी अक्कलकोट रोड एमआयडीसीकडच्या कारखान्यांच्या विक्री केंद्रांतही होते. शहराच्या पूर्व भागात पद्मशाली विणकरांच्या पिढ्या यात गेल्या आहेत, त्यामुळे तिथला विक्रेता धाग्याबद्दल विचारलेल्या प्रश्नाला नीट उत्तर देतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरीही बाहेर विणलेल्या नकला याच नावानं सर्रास विकल्या जातात, कधीकधी आपल्याच बाजारात. म्हणून चादर उलटी करून पाहा. जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेल्या अस्सल चादरीत तीच नक्षी मागच्या बाजूलाही असते, फक्त रंगांची अदलाबदल होते: पुढे लाल जमिनीवर पांढरा मोर, तर मागे पांढऱ्यावर लाल. नक्षी छापलेली असेल किंवा मागे धागे सुटे लोंबत असतील, तर ठेवून द्या. मग कडेचा एखादा सुटा धागा मागून घ्या आणि काडीनं पेटवा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि बोटानं चुरली जाणारी राख राहते. पॉलिस्टर मिसळलेलं असेल तर टोकाला कडक मणी होतो. शेवटी ओला पांढरा रुमाल गडद पट्ट्यावर जोरात घासा. थोडा रंग लागणं चालतं. रुमाल पुरता लाल झाला, तर पुढं तुमच्या सगळ्या बनियनींचं तेच होणार.

वजनही पाहा. सिंगल चादर साधारण सव्वा ते दीड किलोची बरी. त्याहून हलकी असेल तर वीण विरळ असते आणि बॅगेच्या चेनमध्ये अडकून धागे निघतात. फारच जड असेल तर पाठीला कळतं. दोघांनी आपापली चादर आपापल्या बॅगेत ठेवावी. लांबीत तीन घड्या, मग घट्ट गुंडाळी आणि वरून नाडा.

पहिली धुणी निघण्याआधी घरीच उरकून घ्या. बादलीभर गार पाण्यात मूठभर मीठ टाकून चादर अर्धा तास बुडवायची आणि एकटीच धुवायची. पहिल्या दोन-तीन धुण्यांत सुटा रंग निघून जातो. गरम पाणी नको. मऊपणा धुण्यानंच येतो, म्हणून कोरी चादर थेट प्रवासाला नेली तर पहिले काही आठवडे अंगाला टोचते.

प्रवासात धुताना खरी मजा पिळताना येते. ओली चादर तिप्पट जड होते, ती एकट्याला पिळता येत नाही. दोघांनी समोरासमोर उभं राहून एकेक टोक धरायचं आणि दोघांनीही आपापल्या उजवीकडे पीळ द्यायचा. इथंच घोळ होतो. समोरचा उजवीकडे पिळतोय हे बघून दुसरा त्याच्याच दिशेनं, म्हणजे स्वतःच्या डावीकडे पिळतो. मग चादर नुसती गोल फिरत राहते, पाण्याचा थेंब निघत नाही आणि दोघंही एकमेकांना 'अगं नीट धर', 'अहो तुम्ही नीट धरा' म्हणत बसतात. समोरासमोर उभ्या दोघांचं 'उजवं' उलट दिशांना असतं, म्हणून दोघांनीही उजवीकडेच पिळलं की पीळ बसतो. हे एकदा समजलं की धुण्याचा निम्मा वेळ वाचतो. पिळून झाल्यावर चारही टोकं ताणून दोनदा झटकायची, म्हणजे आकार बिघडत नाही.

सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यातल्या उन्हात चादर दोन-अडीच तासांत कडकडीत वाळते. कोकणात जुलैमध्ये दोन दिवसांतही वाळत नाही आणि तिसऱ्या दिवशी कुबट वास धरते. जाड सुती कापड पाणी आत धरून ठेवतं आणि दमट हवेत ते बाहेर पडायला जागाच नसते. पावसाळ्यात किनारपट्टीला असाल तर चादर धुऊ नका. फक्त उलटसुलट करून पंख्याखाली वारं द्या आणि कोरड्या गावी पोचल्यावर धुवा.

थंडीसाठी चादर किती पुरते, हे बरेच जण विचारतात. सोलापूरहून दिल्लीकडे कर्नाटक एक्स्प्रेसनं डिसेंबर-जानेवारीत स्लीपरनं जाताना मनमाडपर्यंत एक चादर पुरते. भोपाळच्या पुढे, झाशी-ग्वाल्हेरच्या पहाटे, आत स्वेटर आणि कानटोपी लागतेच. स्लीपरला रेल्वेकडून अंथरूण सहसा मिळत नाही. एसीत मिळतं, तिथं आपली चादर अंगालगत घ्यायची आणि रेल्वेचं ब्लँकेट त्यावर. डोंगरातल्या होमस्टेत रजई मिळते, तिच्या आतही चादर अंगालगत ठेवली की दोन थरांमधली हवा ऊब धरते. कडक थंडी पडली तर दोघांनी आपल्या दोन्ही सिंगल चादरी एकावर एक घालाव्यात. एका जाड डबल चादरीपेक्षा हे जास्त उबदार होतं, कारण तेच: मध्ये हवेचा थर. पण सुती कापड घामानं किंवा दवानं ओलं झालं की उलट अंग गार करतं. लडाखच्या हिवाळ्यात किंवा तंबूत नुसत्या चादरीवर भिस्त ठेवू नका. तिथं लोकर किंवा स्लीपिंग बॅगच हवी.

आता कडक भाकरी. लांबच्या प्रवासाला ज्वारीचीच घ्या, बाजरीची नको. बाजरीच्या पिठात तेलाचा अंश जास्त, ते लवकर कडवट होतं आणि भाकरीतही तो कडवटपणा उतरतो. ज्वारीची नीट वाळलेली कडक भाकरी दोन महिने सहज राहते. मालदांडी जातीच्या ज्वारीची असेल तर चव वेगळीच. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन उगाच मिळालेलं नाही. घेताना भाकरी मधून मोडून पाहा. कट्‌कन आवाज करून तुटली पाहिजे. कडेला कडक आणि मधे वाकत असेल तर आत ओल राहिली आहे, आठवड्यात बुरशी धरणार. चांगली करणारी बाई भाकरी पातळ थापते, दोन्ही अंगांनी शेकते आणि मग मंद आचेवर फडक्यानं दाबत दाबत सगळी ओल घालवते. घाई केली की वरून करपते आणि आत मऊ राहते.

पिशवीत भाकऱ्या ठेवल्या तर दुसऱ्या स्टेशनापर्यंत चुरा होतो. भाकरीच्या मापाचा गोल, सपाट तळाचा स्टीलचा डबा घ्या. खाली आणि वर सुती फडकं घाला आणि डबा गच्च भरा, मोकळी जागा ठेवू नका. हलायला जागा मिळाली की तुटते. चुरा झालाच तर वाया जात नाही. दह्यात किंवा गरम आमटीत कुस्करून दहा मिनिटं ठेवायचा, जेवण तयार. उत्तरेत ठिकठिकाणी डाळ मिळतेच, तीत घालून पाहा.

दमट गावात भाकरी चामट होते. हवेतली ओल पिठानं शोषलेली असते, एवढंच. होमस्टेच्या स्वयंपाकघरात तवा मागून मंद आचेवर दोन्ही बाजू तीन-चार मिनिटं फिरवा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना ती मऊच वाटेल, कडकपणा गार झाल्यावर परत येतो. हिरवट-काळे ठिपके किंवा आंबूस वास आला तर मात्र शेकून खायची नाही, टाकून द्यायची.

शेंगा चटणीशिवाय या भाकरीला अर्थ नाही. दोघांना महिन्याभराच्या प्रवासाला अर्धा किलो पुरते, सोबतच्या लोकांना वाटणार असाल तर दुप्पट धरा. आणि वाटावी लागतेच. रेल्वेच्या डब्यात चटणीचं झाकण उघडलं की समोरचा आधी 'कुठले तुम्ही?' विचारतो आणि 'सोलापूर' ऐकलं की आपली पोळी पुढे करतो. फक्त एक गोष्ट विसरू नका: अनोळखी लहान मुलाला देण्याआधी आईबापांना विचारा की शेंगदाणे चालतात ना. शेंगदाण्याची ॲलर्जी असली तर चिमूटभरही जिवावर बेतू शकते.

घरी करायची तर पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं भाजा, सालं पाखडून काढा. काळपट, सुरकुतलेला किंवा बुरशीचा वास येणारा दाणा एकेक निवडून फेका. पंधरा-सोळा लसूण पाकळ्या, तीन चमचे लाल तिखट, एक चमचा जिरं आणि चवीपुरतं मीठ. हे सगळं उखळात कुटायचं, दाण्याला तेल सुटून चटणी मुठीत बांधली गेली पाहिजे. मिक्सरमध्ये सलग फिरवली तर नुसतं कूट होतं किंवा तापून लगदा होतो. मिक्सरच असेल तर थांबून थांबून फिरवा. प्रवासाच्या चटणीला लसूण आधी कोरड्या तव्यावर ओल जाईपर्यंत परता, कारण चटणी बिघडते ती कच्च्या लसणाच्या पाण्यानं. दुसरा शत्रू खवटपणा. तेल सुटलेली चटणी उन्हात तापलेल्या बॅगेत ठेवली की दाण्याचं तेल लवकर खवट होतं. म्हणून शंभर-शंभर ग्रॅमची पाकिटं करा, एका वेळी एकच फोडा आणि बाकीची कपड्यांच्या मधोमध, थंड जागी ठेवा. ओला चमचा घालायचा नाही. प्लॅस्टिकचा डबा लाल होतो आणि त्याचा वास जात नाही, स्टीलचाच वापरा. डब्याला बाहेरून पिशवी हवीच, नाहीतर तेल चादरीत उतरतं.

दोघांच्या तिखटाचं माप वेगळं असेल तर दोन डबे करा. एकाच डब्यावर तडजोड केली की एकाला सपक लागते आणि दुसरा पाणी शोधत फिरतो. कमी तिखटवाल्या डब्यावर नाव लिहून ठेवा, रेल्वेत अंधारात अदलाबदल झाली की रात्रभर ठसका.

विमानानं जाणार असाल तर चटणी हातातल्या सामानात ठेवू नका, चेक-इनमध्ये टाका. तपासणीत पूड आणि तेल दोन्हीवर प्रश्न येतात आणि रांग मागे थांबलेली असते. सुकं खोबरं मिसळलेली चटणी तर विमानाला नेऊच नका, सुक्या खोबऱ्यावर चेक-इन सामानातही बंदी आहे. ऑस्ट्रेलियाला जाणार असाल तर उतरताना खाण्याच्या वस्तू फॉर्मवर लिहून जाहीर कराव्याच लागतात, लपवल्यास दंड होतो.

वर्षभरात चटणी दोन-तीनदा घरून मागवावी लागते. पार्सल पुढच्या मुक्कामाच्या होमस्टेवर पाठवायचं असेल तर मालकाला आधी फोन करून सांगा आणि मुक्कामाच्या आठवडाभर आधी टाकायला लावा. चटणीचं पाकीट दोन पिशव्यांत, मग वर्तमानपत्र, मग खोका. भाकऱ्या पार्सलनं मागवू नका, चुराच येतो.

राहिला सोलापुरी टॉवेल. पाणी टिपायला त्याच्याइतका चांगला दुसरा नाही, घरी वर्षानुवर्षं वापरा. पण त्याचे जाड टेरीचे फासे भरपूर पाणी धरतात आणि रोज नव्या गावी निघायचं असताना तो वाळत नाही. ओला टॉवेल बॅगेत घातला की चादरीला वास आणि भाकरीला ओल. त्याऐवजी प्रत्येकी दोन सुती पंचे घ्या. सकाळी वापरलेला पंचा खिडकीच्या गजाला बांधला की दुपारपर्यंत वाळतो.