माउसनं ओढून वेबपेजवरचं टेबल सरकवणं: ७ महिने वापरल्यावरचा अनुभव

दिवाळीपासून वापरून राहिलो, आता कापसाचा हंगाम सरला म्हणून सविस्तर लिहितो. हिंगणघाटकडं आमच्या गावाजवळ एक जिनिंग (कापसातून सरकी काढायचा कारखाना) आहे, तिथल्या वजनकाट्यावरच्या आवकीचं वेबपेज मी बनवलं. टेबलात १७ कॉलम, नाव, गाडी नंबर, भरलं वजन, रिकामं वजन, ओलावा, दर, हमाली अन् काय काय, आणि मॉनिटर जुना चौकोनी. आडवा स्क्रोलबार पार तळाला, दोनशे ओळी उतरल्यावर सापडणार, अन् बाहेर गाड्यांची लाइन. काट्यावरचे दादा म्हणाले, "भाऊ, मोबाइलवर बोटानं सरकते, मंग इथं काहून नाही सरकत?" बरोबरच होतं त्यांचं.

आधी माउसनं ओढून सरकवायचं एक तयार पॅकेज (दुसऱ्यानं लिहिलेला कोड) टाकलं. पण सोडल्यावरही टेबल घसरतच राहायचं, ओलावा पाहायला थांबावं तर दर समोर. काढलं, अन् स्वतः चाळीसेक ओळी लिहिल्या. पॉइंटरडाउनला (बटण दाबल्यावर) माउसची जागा अन् स्क्रोललेफ्ट, म्हणजे टेबल किती सरकलं तो आकडा, धरून ठेवायचं, पॉइंटरमूव्हला (माउस हलल्यावर) जेवढं हललं तेवढं त्यातून वजा करायचं. हे फक्त माउससाठी, बोटाचं स्क्रोल ब्राउझर स्वतःच चांगलं करते. आणि हो, टेबल ज्यात सरकते त्या डब्याला स्क्रोल-बिहेविअर स्मूद (हळूहळू सरकवायची सीएसएस सेटिंग) लावलेलं असंन तर आधी काढा, टेबल हाताच्या मागं रखडत येते.

खरा घोळ बटण सोडण्याचा. दादा ओढता ओढता खिडकीच्या बाहेर जात, तिथंच बटण सोडत, आपल्या डब्याला पॉइंटरअप (बटण सोडल्याची खबर) मिळतच नाही, मग परत आले की टेबल माउसला चिकटल्यासारखं मागं फिरते. म्हणून सेटपॉइंटरकॅप्चर लावलं, म्हणजे माउस बाहेर गेला तरी त्याच्या सगळ्या खबरा त्या डब्यालाच मिळतात, अन् तेही पॉइंटरडाउनलाच. चिकटणं गेलं पण ओळीतलं 'पावती' बटण मेलं! क्लिक बटणाला न जाता कॅप्चर करणाऱ्या डब्याला जात होती. दोन दिवस गेले माझे हे सापडायला. आता ५ पिक्सेल हलल्यावरच कॅप्चर करतो, त्याच्या आत सोडलं तर ती क्लिक, पावती निघते.

दुसरी तक्रार अशी आली की गाडी नंबर कॉपी नाही होत. ओढताना अक्षरं निळी होऊ नये म्हणून मी सगळीकडं युजर-सिलेक्ट नन (अक्षरं निवडणं बंद करणारी सीएसएस सेटिंग) टाकलं होतं. त्या एका कॉलममधून ते उठवलं अन् तिथून ओढणं सुरूच होऊ दिलं नाही, एमएच ३२ चा नंबर आता आरामात निवडल्या जाते.

एक चूक मात्र मनाला लागली. दिसायला छान म्हणून स्क्रोलबार लपवला होता. तिथले म्हातारे मुनीमजी, त्यांचा हात थरथरते, बटण दाबून धरून ओढणं त्यांना जमेच ना, अन् ते बिचारे काही बोललेही नाही, बाजूच्या पोराला बोलवायचे. २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये (वेबपेज सगळ्यांना वापरता यावं म्हणूनच्या मार्गदर्शक सूचना) हेच लिहिलं आहे, ओढून होणारं काम न ओढताही झालं पाहिजे. स्क्रोलबार परत आणला, वर डावं-उजवं अशी दोन मोठी बटणं दिली, आता ते स्वतः पाहतात.

तुरीच्या आवकीचं पेजही मीच करून राहिलो. तिथं ९ कॉलम आहेत, सगळे स्क्रीनवर मावतात, तिथं हे लावत नाही.