पायथॉनमधले मेटाक्लास काढून रस्ट आणलं: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमचा पायथॉन प्रोग्रॅम मोठमोठ्या लॉग फाइली वाचतो. जुन्या कोडमध्ये मेटाक्लास (क्लास कसा तयार व्हावा हे ठरवणारा क्लास), डिस्क्रिप्टर (फील्ड वाचताना-लिहिताना काय व्हावं हे ठरवणारा ऑब्जेक्ट) आणि डेकोरेटर (फंक्शन किंवा क्लासचं वागणं बदलणारं वेष्टन) यांची चळत होती. क्लासमध्ये फील्ड जाहीर केलं की त्याचा पार्सर, म्हणजे मजकुरातून ते फील्ड वाचणारा कोड, आपोआप तयार व्हायचा. लिहिणाऱ्याला फार सोयीचं, पण एखादी व्हॅल्यू चुकीची आली की ब्रेकपॉइंट (डीबगरला थांबवायची खूण) लावायचा कुठे? चूक असलेलं फंक्शन कुठल्याच फाइलीत लिहिलेलं नसायचं, ते इम्पोर्टच्या वेळी तयार व्हायचं. वर वेगही कमी.

मग वाचनाचा गाभा पायओथ्री (रस्ट आणि पायथॉन जोडणारी लायब्ररी) आणि मॅच्युरिन (त्याचं पायथॉन पॅकेज बनवणारं साधन) वापरून रस्ट या कंपाइल होणाऱ्या भाषेत नेला. सबक्लासांची उरलेली नोंदणी पायथॉन ३.६ मध्ये आलेल्या 'इनिट-सबक्लास'वर (सबक्लास तयार होताच आपोआप चालणारी मेथड) भागली, त्याला मेटाक्लास लागत नाही.

त्रास आहेच. रस्टमध्ये पॅनिक झालं, म्हणजे न सावरता येणारी चूक झाली, तर पायथॉनला पॅनिक-एक्सेप्शन मिळतं, आणि ते बेस-एक्सेप्शनपासून निघालेलं असल्यामुळे नेहमीच्या 'एक्सेप्ट एक्सेप्शन'मध्ये सापडत नाही. आमचा वर्कर (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) त्यामुळे रात्रीत बंद पडला होता. तेव्हापासून रस्टच्या बाजूला 'अनरॅप' (चूक असली की थेट पॅनिक करणारी मेथड) दिसलं की रिव्ह्यू अडतो, प्रत्येक चूक 'रिझल्ट'मधूनच (उत्तर किंवा चूक परत देणारा टाइप) बाहेर आली पाहिजे. पायथॉनचा डीबगर सीमेपाशी थांबतो. टाइपच्या स्टब फाइली (रस्टच्या फंक्शनांचे टाइप पायथॉनच्या साधनांना सांगणाऱ्या) आम्ही हाताने लिहितो आणि त्या मागे पडतात. बिल्डचं मात्र वाटलं होतं तितकं जड गेलं नाही, एबीआय-३ (पायथॉनचा आवृत्त्यांमध्ये न बदलणारा बायनरी इंटरफेस) मुळे पायथॉनच्या प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळं व्हील, म्हणजे तयार पॅकेज, बनवावं लागत नाही.

तरीही सांभाळायला हे सोपं आहे, असं माझं ठाम मत झालंय. दोन भाषांमधली सीमा एका फाइलीत दिसते: काय आत जातं, काय बाहेर येतं. मेटाक्लासचा परिणाम प्रत्येक सबक्लासवर पसरलेला असायचा, आणि 'पायथॉनच तर आहे' म्हणून कोणीही त्यात हात घालायचं. रस्टमध्ये बदल करणारा आधी विचारतो, आणि कंपायलर त्याला बरंच काही तिथेच सांगतो.

सीमा रुंद ठेवू नका. एकेक ओळ पलीकडे पाठवली तर रूपांतरातच वेळ जातो. आम्ही फाइलीचे बाइट एकगठ्ठा देतो आणि तयार कॉलम परत घेतो. टीममध्ये रस्ट वाचणारे निदान दोघे नसतील, तर मी हे सुचवणार नाही. तिथे साधा, थोडा लांबलचक पायथॉनच लिहावा.