वायपरची मोटर तपासताना: टेस्ट लॅम्प की मल्टिमीटर?

वायपरची मोटर बदलण्यापूर्वी बिघाड शोधायला टेस्ट लॅम्प (वीज आली की पेटणारा छोटा बल्ब) घ्यावा की मल्टिमीटर (व्होल्टेज आकड्यात दाखवणारे मीटर), अशा पेचात एक परिचित होते. मोटरच्या सॉकेटपर्यंत वीज येते का, एवढेच पाहायचे असेल तर लॅम्प स्वस्त, दणकट आणि वापरायला सोपा आहे. शिवाय त्याचा बल्ब थोडा करंट ओढत असल्यामुळे गंजलेल्या जोडणीवर तो मंद पेटतो किंवा पेटतच नाही. मल्टिमीटर मात्र जवळजवळ करंट घेत नसल्याने, आतली तांब्याची एकच बारीक तार शाबूत असलेल्या वायरमध्येही १२ व्होल्ट दाखवून फसवू शकतो.

वायपर हळू फिरत असेल, तर लॅम्पची मजल संपते, कारण १२ आणि १०.५ व्होल्टमधला फरक डोळ्यांना नेमका कळत नाही. वायपर चालू ठेवून मोटरचे अर्थ टोक (गाडीच्या बॉडीला जोडलेले) आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये मल्टिमीटरने मोजल्यावर अर्ध्या व्होल्टहून अधिक आकडा दिसला, तर आधी अर्थिंगवर संशय घ्यावा. (मोटर फिरल्याचा आवाज येतो पण पाती हलत नाहीत, तेव्हा दोन्ही साधने बाजूला ठेवून लिंकेज (मोटर आणि पाती यांना जोडणारे दांडे) पाहावे.)

पूर्ण बंद वायपरसाठी बहुधा लॅम्प पुरतो. संथ किंवा अडखळणाऱ्या वायपरसाठी, तसेच वायपर इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटवर चालणाऱ्या गाडीत, मल्टिमीटरच घ्यावा.