एसी घराचा की माणसाचा? ॲपशीटमध्ये टेबलं जोडल्यानंतरचा अनुभव

नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यात आमचं एसी आणि आरओ सर्व्हिसिंगचं काम आहे, गिऱ्हाईक ऐरोलीपासून नेरूळपर्यंत. २०२५च्या उन्हाळ्याआधी वही आणि व्हॉट्सॲप ग्रुप सोडून सगळ्या नोंदी ॲपशीटवर नेल्या. एक अख्खा सीझन आणि दिवाळी त्यावर निघाली, म्हणून आता लिहितोय.

ॲपशीट म्हणजे कोड न लिहिता ॲप बनवायचं साधन. गूगलने ते २०२०मध्ये घेतलं. खाली साधी गूगल शीट आणि वर मोबाइलचं ॲप. तासाभरात ॲप उभं राहतं हे खरंच आहे, पण ते म्हणजे शीटलाच लावलेली बटणं. डोकं लागतं ते टेबलं, म्हणजे शीटमधल्या वेगवेगळ्या याद्या, कुठे तोडायची आणि काय कशाला जोडायचं यात. ते तुमच्या धंद्यापुरतं तुम्हालाच ठरवावं लागतं, यूट्यूबवाला सांगत नाही.

सगळीकडे पहिला धडा एकच असतो: ग्राहक, त्याखाली मशीन, त्याखाली सर्व्हिस. आमच्याकडे हे दोन महिनेही टिकणार नव्हतं. इथे भाडेकरू भरपूर. अकरा महिन्यांचा करार संपला की माणूस घणसोलीतून उलव्याला जातो आणि एसी भिंतीवरच राहतो. नव्या भाडेकरूचा फोन आला की तो 'नवीन ग्राहक', मग जुना सगळा इतिहास दुसऱ्याच नावाखाली पडून. म्हणून मशीन आम्ही घराला जोडलं. माणूस आणि घर यांच्या मध्ये एक वेगळं टेबल आहे, त्यात कोण, मालक की भाडेकरू, कधीपासून, कधीपर्यंत एवढंच. एका मालकाचे दोन फ्लॅट असतात, एका फ्लॅटमध्ये तीन मुलं मिळून राहतात. हे दोन्ही बाजूंनी अनेक असलेलं नातं मधल्या टेबलाशिवाय बसतच नाही. कुणी स्वतःचा एसी उचलून दुसरीकडे नेला तर मशीनच्या नोंदीत फक्त घर बदलायचं, सर्व्हिसच्या जुन्या भेटी आपोआप त्याच्याबरोबर जातात.

ऑक्टोबरच्या उकाड्यात सानपाड्याच्या एका काकूंचा फोन आला. "अहो दादा, तुमच्याच मुलाने गॅस भरलाय, तरी थंड करत नाही. याचे पैसे मी देणार नाही हं." काकू त्या घरात नुकत्याच स्वतः राहायला आलेल्या, त्यांच्या नावावर आमच्याकडे एकही बिल नाही. आमच्या कामावरच्या मुलाने शिडीवरूनच ॲपमध्ये त्या मशीनचं पान उघडलं. गॅस एप्रिलमध्ये आम्हीच भरला होता, बिल तेव्हाच्या भाडेकरूच्या नावाने, शेरा 'फ्लेअर नट बदलला'. गळती तिथूनच निघाली. काम फुकट केलं, वाद झाला नाही.

जोडणी होते 'रेफ' प्रकारच्या कॉलमने, म्हणजे दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणाऱ्या कॉलमने. भेटीच्या टेबलात 'मशीन' हा कॉलम रेफ केला की मशीनच्या पानाखाली त्या सगळ्या भेटींची यादी ॲपशीट स्वतःच लावतं. त्यासाठी प्रत्येक ओळीला न बदलणारी 'की' (key), म्हणजे तिची एकटीची ओळखखूण, लागते. फोन नंबर चालत नाही, लोक नंबर बदलतात. ओळीचा क्रमांक तर मुळीच नाही, शीट कुणी सॉर्ट केली की सगळं इकडचं तिकडे. 'युनिकआयडी' हे फंक्शन इनिशियल व्हॅल्यूमध्ये, म्हणजे नवी ओळ टाकताना आपोआप भरलं जाणारं जे असतं त्यात, टाकायचं, ते आठ अक्षरांची की देतं. मात्र ओळ ॲपमधून टाकली तरच. दुकानात हिशेब बघणाऱ्या ताईंना थेट शीटमध्ये टाइप करायची सवय आहे, तिथे की रिकामीच राहते. शेवटी शीट त्यांच्यासाठी फक्त बघण्यापुरती ठेवली.

पत्त्याचीही गंमत आहे. सेक्टर १० वाशीत आहे, कोपरखैरण्यात आहे, ऐरोलीतही आहे. नुसता सेक्टर लिहून घर सापडत नाही, नोड (वाशी, ऐरोली असा उपनगराचा भाग) आणि सेक्टर मिळूनच ओळख पटते. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७०ची, आणि टेबलांच्या नात्यांची ही कल्पना आयबीएमच्या एडगर कॉड यांनी मांडली तीही १९७०मध्येच. योगायोग, दुसरं काही नाही.

रेफ कॉलमवरच्या 'इज अ पार्ट ऑफ' या खुणेकडे मात्र नीट बघा. ती लावली की भेटीच्या फॉर्ममध्येच कपॅसिटर, पीसीबी, ड्रेन पाइप अशा ओळी भरता येतात, आणि भेट डिलीट केली की त्या ओळीही जातात. पार्टसाठी हेच हवं. घर आणि मशीन यांच्यात ती खूण आम्ही लावलेली नाही. घराची दुबार नोंद कुणी पुसली तर एसी आणि त्याचा इतिहास टिकायला हवा. तेव्हा त्या रेफपाशी पिवळा त्रिकोण दिसतो, तो बघून योग्य घर निवडायचं.

दराचं वेगळं. जोडलेल्या टेबलातून दर थेट दाखवता येतो, आणि बिलाच्या बाबतीत तेच नको. २२ सप्टेंबर २०२५पासून एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला. आम्ही अधूनमधून नवे एसीही विकतो. करदर बिलात नुसता जोडलेला असता तर उन्हाळ्यातली सगळी बिलं त्या दिवशी बदलून दिसली असती. दर आणि कर इनिशियल व्हॅल्यूने बिलाच्या ओळीतच उतरवून घेतो, नंतर मूळ टेबलात काहीही बदला, जुनं बिल हलत नाही. बाकी सगळं जोडा, पैशांचे आकडे उतरवून घ्या.

रेंज नसली तरी काम चालतं, बेसमेंटमधून वर आलं की सिंक होतं. दोघांनी एकच नोंद बदलली तर शेवटचा जिंकतो. जुळवाजुळवीचे व्हर्च्युअल कॉलम (शीटमध्ये नसलेले, ॲपनेच मोजून दाखवलेले) जेवढे वाढवाल तेवढा सिंकला वेळ, कारण ते दर वेळी नव्याने मोजले जातात. आम्ही मोजकेच ठेवलेत. कॉलमना मराठी नावं देता येतात, एडिटर इंग्रजीच. तपासून बघेपर्यंत फुकट, पुढे माणशी दरमहा पैसे. चार पोरं असतील तर परवडतं, चाळीस असतील तर आधी हिशेब करा.

राहिलंय ते सोसायटीचं. सोसायटीचं नाव अजून घराच्या नोंदीत हाताने टाइप होतं, त्यामुळे एकच इमारत तीन स्पेलिंगांनी दिसते आणि क्लबहाऊसचे एसी कुठल्याच फ्लॅटखाली बसत नाहीत. पुढच्या सीझनच्या आत घरांच्या वर सोसायटीचं टेबल टाकायचंय. ते एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) तारखांना धक्का न लावता कुणी केलं असेल तर खाली लिहा.