स्टेनस पाहण्यासाठी ७ ते ४५ पटीचा स्टिरिओ मायक्रोस्कोप: माझा अनुभव

रोव्ह बीटल म्हणजे आखूड पंखझाकणांचे भुंगेरे. त्यांच्यासाठी मायक्रोस्कोप घेणाऱ्याने किती पट मोठं दिसतं हे नंतर विचारावं, आधी प्रकाश कसा पडतो ते पाहावं. हा मायक्रोस्कोप मी जवळजवळ फक्त स्टेनस या जीनससाठी (जवळच्या जातींच्या गटासाठी) वापरते, त्यामुळे परीक्षणही त्याच अंगाने.

स्टेनस हा स्टॅफिलिनिडी, म्हणजे रोव्ह बीटलच्याच कुळातला. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ लात्रेईने १७९७ मध्ये हे नाव दिलं आणि आज त्यात ३,०००हून अधिक जाती आहेत. बहुतेक भुंगेरे २ ते ६ मिलिमीटरचे, पंखांची झाकणं आखूड, पोट उघडं आणि डोळे एवढे मोठे की डोक्याची जवळजवळ सगळी बाजू त्यांनीच व्यापलेली. इतकं साध्या १० पटीच्या भिंगातूनही कळतं. खरी गरज पडते ती पुढे.

स्टेनसचं अंग अथपासून इतिपर्यंत बारीक खड्ड्यांनी भरलेलं असतं. सोबत येणारा रिंग लाइट, म्हणजे लेन्सभोवतीचा गोल दिवा, लावला की प्रत्येक खड्ड्यात दिवा चमकतो आणि खड्ड्यांमधली जागा गुळगुळीत की जाळीदार, हे दिसेनासं होतं. जाती ओळखताना नेमकं तेच पाहायचं असतं! मी नमुन्याभोवती ट्रेसिंग पेपरची नळी उभी करते. प्रकाश मऊ होतो आणि तोच भुंगेरा एकदम वाचता येतो. कंपनीने प्रकाश पसरवणारी एक साधी पांढरी चकती तरी द्यायला हवी होती.

पायांच्या बाबतीत मात्र पूर्ण समाधान. पावलाचं चौथं पेर दुभंगलेलं आहे का आणि पोटाच्या कडेला पट्टी आहे का, या दोन गोष्टींवर जुने उपजीनस पाडले गेले. ही विभागणी ओळखायला सोयीची आहे, पण खरी नाती तिच्यातून कळत नाहीत. ३० पटीला दोन्ही गोष्टी स्वच्छ दिसतात. रुंद, दुभंगलेलं पेर असलेल्या जाती बहुधा झाडपाल्यावर चढणाऱ्या, हे माहीत असलं की पाऊल पाहतानाच त्या प्राण्याचं राहणीमान डोळ्यांपुढे येतं. पूर्ण ४५ पटीला दिसणारा गोल जेमतेम साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे मोठा स्टेनस त्यात अख्खा मावत नाही. माझं बहुतेक काम २० ते ३० पटीतच होतं.

जिवंत भुंगेरा पाहायचा तर सगळ्यात कमी पट ठेवा. लेन्सखाली बशी ठेवून हात घालण्याइतकी मोकळी जागा आहे, ही मोठी सोय. पाण्यावर सोडलेला स्टेनस पोटाच्या टोकाजवळच्या ग्रंथींतून स्टेनुसिन नावाचं रसायन सोडतो, मागच्या बाजूचा पृष्ठताण घटतो आणि भुंगेरा पाय न हलवता पुढे ओढला जातो. पाहता पाहता तो गोलाबाहेर निघून जातो, तरी ते पाहण्यातला आनंद कमी होत नाही.

स्टेनसची शिकार टिपायला मात्र मायक्रोस्कोपवरची कॅमेरा बसवायची नळी कामाची नाही. स्टेनसचा खालचा ओठ शरीरातल्या द्रवाच्या दाबाने भाल्यासारखा बाहेर सुटतो आणि टोकाच्या चिकट गाद्यांनी स्प्रिंगटेलला (उड्या मारणाऱ्या एका इवल्या जिवाला) पकडून जबड्यापाशी आणतो. हे सगळं १ ते ३ मिलिसेकंदांत. सेकंदाला ३० चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्यात एका चित्रात स्प्रिंगटेल समोर असतो, पुढच्यात जबड्यात. मधलं काहीच नाही. त्यासाठी हाय-स्पीड कॅमेराच हवा. डायनस या जवळच्या जीनसमध्ये हा चिकट ओठ नसतो, म्हणून मेलेल्या नमुन्याचा ओठ चिमट्याने हळूच बाहेर काढून पाहणं फार उपयोगी. त्या कामाला मात्र हा मायक्रोस्कोप उत्तम: खोली नीट कळते आणि चिमटा चुकत नाही.

जातीपर्यंत जायचं तर बहुतेक वेळा नराचं जननांग काढून पाहावं लागतं. काढण्याचं काम इथे होतं. आतली रचना पाहायला कंपाउंड मायक्रोस्कोप, म्हणजे याहून खूप जास्त पट दाखवणारा, वेगळा लागतोच. ज्यांच्याकडे तो आधीच आहे, त्यांनी हा बिनधास्त घ्यावा.